लायसन्स सहा महिन्यांनी येईल. तोवर चावी कुणाकडे?

पत्राचा सारांश: पत्रलेखक ३९ वर्षांचे, नोकरी फिरतीची. मित्राकडून जेवून रात्री अकराच्या सुमारास कारने परतताना नाकाबंदीत त्यांना मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा आला ९२. पोलिसांनी लायसन्स ठेवून घेतलं, पावती दिली. पुढे कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. १०,००० रुपये दंड झाला आणि सर्व प्रकारच्या वाहनांसाठी सहा महिने अपात्र ठरवल्याचा आदेश निघाला. त्याला आता तीन आठवडे झालेत आणि आरटीओची कारणे दाखवा नोटीसही येऊन पडली आहे. घरी त्यांनी लायसन्स हरवल्याचं सांगितलंय, ऑफिसात काहीच नाही. केस कारची होती म्हणून स्कूटर चालूच आहे. मुलीला क्लासला तिच्यावरूनच सोडतात. एक एजंट दुसऱ्या जिल्ह्यातून ‘डुप्लिकेट’ काढून द्यायला तयार आहे. ते विचारतात: “दोनच पेग झाले होते. दंड भरला, विषय संपला. मग लायसन्स लवकर परत मिळवायचा मार्ग कोणता? अपील करू का? एजंटचं ऐकू का?”

नमस्कार,

पत्रात तुम्ही स्कूटरचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं सहा महिन्यांत मार्गी लागेल, पण ही एक ओळ तुम्हाला पुन्हा कोर्टात उभं करू शकते.

अपात्रतेचा आदेश ज्या गाडीवर पकडलं त्या गाडीपुरता असतो, असं पुष्कळांना वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम २० प्रमाणे कोर्ट सर्व प्रकारच्या वाहनांसाठी अपात्र ठरवू शकतं किंवा एखाद्याच प्रकारासाठी. तुमच्या आदेशात ‘सर्व प्रकारच्या’ असं लिहिलंय, हे तुम्हीच कळवलंत. म्हणजे त्यात स्कूटर आली. अपात्र असताना सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवणं हा कलम १८२ खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. क्लास दोन गल्ल्या पलीकडे असला तरी गल्ली हा सार्वजनिक रस्ताच. आणि समजा कुणी आडवं आलं, धडक झाली, तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं. अपात्र माणूस गाडी चालवत होता हा बचाव कायद्यानेच तिला दिलेला आहे. जखमी माणसाला भरपाई द्यावी लागली तरी ती रक्कम नंतर तुमच्याकडून वसूल होऊ शकते. स्कूटर आजपासून बंद. मुलीसाठी रिक्षा, शेजारच्या मुलांबरोबरची सोय किंवा चालत, जे जमेल ते बघा.

तुमच्यासारखेच, पण अजून निकाल न लागलेले वाचकही असतील. त्यांच्यासाठी सांगते: लायसन्स ठेवून घेताना मिळालेली पावती दाखवून गाडी चालवता येते, ही समजूत जुनी आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम २०६ ला जोडलेलं पोटकलम स्पष्ट सांगतं की दारूच्या प्रकरणात जप्त लायसन्सची पावती म्हणजे गाडी चालवायची परवानगी नव्हे. कार्ड परत हातात येईपर्यंत थांबायचं.

आता ‘दोनच पेग’. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण हिशोब करून पाहू. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलीचा एक लार्ज म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला तर रक्तातलं प्रमाण १०० मिलीला ४० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे पहिल्याच लार्जला ती ओलांडली. दोन लार्ज झाले की ८५-९०. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम जाळतं, त्यामुळे दीडेक तासाने मशीनवर ६५-७० दिसायला हवं होतं. तुमचा आकडा ९२. जेवणानंतर तर तो आणखी खाली असायला हवा होता. हा सगळा हिशोब अंदाजाचा. वजन, शरीराची ठेवण, पिण्याचा वेग यांवर तो हलतो. तरी एक शक्यता उरते: मित्राच्या घरचा पेग मापाने ओतलेला नव्हता. घरच्या बैठकीत ग्लासात सत्तर-ऐंशी मिली कधी पडलं हे ओतणाऱ्यालाही कळत नाही. ‘दोन’ हा आकडा ग्लासांचा आहे, दारूचा नाही. तुम्ही गाडी सरळ चालवत होता की नाही, हे तर कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम, विचारतच नाही.

‘दंड भरला, विषय संपला’ ही दुसरी समजूत. नो-पार्किंगचं ई-चलान भरलं की विषय खरंच संपतो, कारण तो गुन्हा जागेवर मिटवता येतो. कलम १८५ तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. म्हणून तर तुम्हाला कोर्टात उभं राहावं लागलं. लोक अदालतीत निम्म्या पैशात मिटेल, असं कुणी सांगत असेल तर तेही याच कारणाने चालत नाही. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषसिद्धी झाली. यापुढे पुन्हा सापडलात तर तो दुसरा गुन्हा: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि आरटीओकडून लायसन्स थेट रद्द. पूर्वी कायद्यात तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास अशी अट होती. ती २०१९ मध्ये गेली. आता दहा वर्षांनी सापडलात तरी तो दुसराच.

लवकर परत मिळण्याबद्दल. कलम २०(२) कोर्टाला सांगतं की १८५ खाली दोषी ठरवलं तर अपात्रता किमान सहा महिन्यांची हवी. तुम्हाला कोर्टाने तेवढीच दिली आहे. त्याहून खाली जागा नाही. कलम २३ मध्ये अपात्रता उठवण्यासाठी अर्ज करायची सोय आहे, आणि एजंट तिचाही हवाला देतात. पण तो अर्ज आदेशाच्या तारखेपासून सहा महिने उलटल्यावरच करता येतो. ज्यांना वर्षाची, दोन वर्षांची अपात्रता झालीय त्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. नोकरी, घरची गरज, मधल्या काळातली वागणूक, व्यसनमुक्तीचे उपचार घेतले असतील तर त्याचे कागद, हे सगळं लावून अर्ज करावा. अर्ज फेटाळला तर पुढचा तीन महिन्यांनंतरच. तुम्हाला मात्र या कलमाचा उपयोग शून्य.

अपील? सत्र न्यायालयात ३० दिवसांत करता येतं, म्हणजे तुमच्याकडे आठवडाभर आहे. गुन्हा स्वतः कबूल केल्यावर दोषसिद्धीविरुद्ध भांडायला जवळपास वाव राहत नाही. शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढंच विचारता येतं. अपात्रतेचा आदेश बदलण्याचा अधिकार अपिलाच्या कोर्टाला आहे, पण किमान मुदतीच्या आदेशात ते काय बदलणार? शिवाय अपील दाखल केल्याने आदेश आपोआप थांबत नाही; कोर्टाने तसं सांगावं लागतं. मशीनचा कागदच चुकीच्या नावाचा निघाला किंवा न समजता कबुली घेतली गेली, असं काही ठोस असेल तर आजच वकिलाला भेटा. तसं नसेल तर माझं मत सरळ आहे: तारखा पडता पडता सहा महिने उलटतील आणि वकिलाची फी दंडाच्या वर जाईल.

ज्यांची केस अजून उभी आहे त्यांनी मात्र ‘कबूल करा, दंड भरा, घरी जा’ या सल्ल्याला मान डोलावण्याआधी थोडं थांबावं. अटक झाली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का, मशीनच्या कागदावर नाव, वेळ, आकडा बरोबर आहे का, हे कबुलीआधी बघायचं असतं.

एजंटचं काय, ते एका वाक्यात सांगता येईल, पण तो फसवतो कसा ते बघाच. तुमचं लायसन्स हरवलेलं नाही. ‘हरवलं’ म्हणून डुप्लिकेट मागायचं तर खोटी तक्रार आणि खोटं प्रतिज्ञापत्र लागतं. ‘दुसऱ्या जिल्ह्यातून नवं’ म्हटलं तर सगळी आरटीओ कार्यालयं सारथी या एकाच प्रणालीवर आहेत. नाव, जन्मतारीख, आधार जुळलं की जुनी नोंद समोर येते. समजा नाही आली आणि कार्ड छापून आलं, तरी कलम १८२ म्हणतं की अपात्र असताना लायसन्ससाठी नुसता अर्ज करणं हाच गुन्हा आणि असं मिळवलेलं लायसन्स निष्प्रभ. त्याने दिलेलं कार्ड खिशात असेल आणि कायद्याच्या नजरेत तुमच्याकडे काहीच नसेल. त्याची फी मात्र खरी.

आता नोटिशीकडे. हे प्रकरण कोर्टापेक्षा वेगळं, हे आधी समजून घ्या. पोलिसांनी जप्त केलेलं लायसन्स आरटीओकडे पाठवलं, आणि आरटीओ कलम १९ खाली आपला स्वतंत्र आदेश काढतो. पहिल्या वेळी तीन महिने. दोन आदेश, दोन कार्यालयं, दोन तारखा. इथेच लोक गोंधळतात: कोर्टाची मुदत संपली म्हणून गाडी काढतात आणि आरटीओची अजून चालू असते. नोटिशीला उत्तर दिलं नाही तर आरटीओ तुमच्या गैरहजेरीत आदेश काढेल आणि ती मुदत कोर्टाच्या मुदतीच्या पुढे सरकू शकते.

म्हणून नोटिशीत दिलेल्या दिवसांच्या आत लेखी म्हणणं द्या. एक पान पुरे. त्यात एवढं हवं: लायसन्स कोणत्या तारखेला जप्त झालं आणि पावतीचा क्रमांक, कोर्टाचा केस क्रमांक, आदेशाची तारीख, दंड भरल्याची पावती, हा पहिलाच गुन्हा आहे, अपघात किंवा इजा झालेली नाही, आणि विनंती, की तुमची तीन महिन्यांची मुदत जप्तीच्या तारखेपासून मोजावी किंवा कोर्टाच्या मुदतीबरोबरच चालावी. मान्य होईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. ‘जप्तीपासून वाहन चालवलेलं नाही’ हे वाक्य लोक हमखास घालतात. तुम्ही ते घालू शकत नाही. गाळा. म्हणण्याच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तो शिक्का नसेल तर तुम्ही काही दिलंच नाही, असं धरून चाला. सुनावणीला स्वतः जा. आदेश पटला नाही तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

याच आठवड्यात आणखी दोन कामं उरका. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत काढा. मोबाइलवरचा फोटो आरटीओत चालत नाही, आणि सहा महिन्यांनी फाइल अभिलेख कक्षात गेली की प्रत मिळायला वेळ लागतो. दुसरं, कार्ड आत्ता नक्की कुठे आहे ते शोधा. वाहतूक शाखेतून आरटीओत, तिथून कधी कोर्टात, असं ते फिरतं. सहा महिने पूर्ण झाल्यावर ‘आमच्याकडे नाही, तिकडे विचारा’ हे ऐकत दोन-तीन आठवडे जातात ते याच कारणाने. पावती दाखवून वाहतूक शाखेकडून जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. मग आरटीओत शोधायला सोपं जातं.

मुदत संपली की कार्ड आपसूक घरी येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार आरटीओने अपात्र केलेल्या चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच लायसन्स परत द्यायचं आहे. ते कोणत्या केंद्रात घ्यायचं आणि कुठलं प्रमाणपत्र लागतं, हे आरटीओत सुनावणीच्याच दिवशी विचारून ठेवा, म्हणजे अपात्रतेच्या काळातच ते उरकता येतं का तेही कळेल. मग अर्जासोबत दोन्ही आदेशांच्या प्रती, दंडाची पावती, जप्तीची पावती, प्रमाणपत्र, ओळखपत्र. लायसन्सची मूळ मुदत या सहा महिन्यांत संपत असेल तर घाबरू नका आणि घाईने नूतनीकरणाचा अर्जही टाकू नका. अपात्र असताना तोही अडचणीचा. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत नूतनीकरण केलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागत नाही. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांकडून फॉर्म १-ए, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र, लागेल.

लायसन्सवर या शिक्षेची नोंद होते, आणि डुप्लिकेट काढलं तरी ती नव्या कार्डावर येते. पुढची तीन वर्षं एकही नवी नोंद झाली नाही तर नोंदविरहित लायसन्स मागता येतं. अपात्रतेचे सहा महिने या तिनात धरत नाहीत.

हे झालं कागदांचं. पण तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकली: आरटीओपेक्षा तुम्हाला घरच्यांची आणि साहेबांची भीती जास्त आहे. ते समजू शकते. तरी ऑफिसात सांगायला हवं, आणि ते तुमच्या वरिष्ठांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. कंपनीची गाडी तुम्ही या काळात चालवलीत आणि त्यांना तुमची अपात्रता माहीत असेल, तर मालक म्हणून कायदा त्यांनाही धरतो. माहीत नसेल तर फसवणूक तुमच्या नावावर. लांबलचक माफी मागू नका. असं काहीसं म्हणा: “सर, माझ्यावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली. दंड भरलाय. अमुक तारखेपर्यंत मला गाडी चालवता येणार नाही. तोपर्यंत शहरातले क्लायंट मी बसने आणि रिक्षाने करीन, बाहेरगावचे एकाच दिवशी जोडून एसटीने करीन. हा महिन्याचा आराखडा.” कागद पुढे ठेवा. आराखडा घेऊन आलेल्या माणसाशी बोलणं वरिष्ठांना सोपं जातं. नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या फॉर्मवर शिक्षेबद्दल विचारलं असेल तर प्रश्न नीट वाचून खरं लिहा. नुसत्या दंडाच्या शिक्षेने पासपोर्ट अडत नाही.

ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची, २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची इलेक्ट्रिक स्कूटर नियमात मोटार वाहन धरली जात नाही, तिला लायसन्स लागत नाही. जवळच्या कामांना हा पर्याय आहे. पण वेग वाढवून दिलेली गाडी घेऊ नका. ती या सवलतीत बसत नाही.

घरी ‘हरवलं’ हे किती दिवस टिकेल? नोटिसा पोस्टाने घरीच येणार आहेत. पाकीट बायकोने फोडण्याआधी तुम्हीच सांगितलेलं बरं. सांगाल तेव्हा स्कूटरचंही सांगा, कारण मुलगी मागे बसत होती.

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर मला नको, तुमच्यापाशीच ठेवा. आठवड्यातून किती संध्याकाळी पिणं होतं? आठवडा न घेता जातो का, की चिडचिड, घाम, हात थरथरणं सुरू होतं? जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. गुण ८ किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली, असं समजतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडू नये, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी सभाही असतात. हे काहीच लागू नसेल, पिणं खरंच महिन्यातून एखाद्या वेळी असेल, तर तुमच्यासाठी नियम सोपा आहे: ज्या रात्री ग्लास त्या रात्री चावी नाही, आणि दुसऱ्या सकाळीही लगेच नाही. रात्री बाराला रक्तात १५० असेल तर ३० वर यायला सकाळचे आठ वाजतात. अंघोळ, लिंबूपाणी, कडक कॉफी यांनी तो वेग बदलत नाही. फक्त माणूस जागा राहतो.

मित्राकडे परत जेवायला बोलावतील तेव्हा जाण्याआधीच परतीची रिक्षा किंवा कॅब ठरवा आणि कार घरीच ठेवा. ‘जाताना घेऊन जाऊ, येताना बघू’ यातलं ‘बघू’ अकरा वाजता कुणीच बघत नाही.

कार्ड हातात आलं की त्याच दिवशी गाडी काढू नका. परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून स्थिती बघा. कार्ड परत दिलंय पण प्रणालीत निलंबन तसंच राहिलंय, असं होतं, आणि नाकाबंदीतला पोलिस कार्डाऐवजी स्क्रीन बघतो. तिथे ‘ॲक्टिव्ह’ दिसलं नाही तर परत दिल्याच्या आदेशाची प्रत घेऊन आरटीओत जा, नोंद दुरुस्त करून घ्या. तोवर दोन्ही गाड्यांच्या चाव्या बायकोकडे असू द्या.